नेदरलँड्समध्ये घरी बाळंत झाले, त्याची कागदपत्रांसकट हकिकत

माझी धाकटी १७ मार्च २०२४ ला, रविवारी सकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी, आमच्या झोपायच्या खोलीत जन्मली. खोलीत दोन बायका होत्या आणि माझा नवरा. डॉक्टर कोणीच नव्हते. हे ऐकल्यावर भारतातले लोक हमखास विचारतात, "अगं बाई, दवाखान्यात पोचायला उशीर झाला का?" आणि इथल्या मराठी मैत्रिणी हळूच बाजूला घेऊन विचारतात, "नक्की काय काय करावं लागतं गं?" हे त्या मैत्रिणींसाठी. आठवणी अजून ताज्या आहेत आणि कागदांची फाइल समोर आहे, तोवर लिहून टाकते.

आम्ही आइंडहोव्हनजवळच्या एका गावात राहतो. थोरली २०१८ साली पुण्यात झाली, मोठ्या दवाखान्यात. नॉर्मल, पण टाके पुष्कळ. त्याबद्दल तक्रार नाही, तेव्हा मला दुसरं काही माहीतच नव्हतं.

जुलै २०२३ मध्ये चाचणी पॉझिटिव्ह आली तेव्हा मी सवयीप्रमाणे 'चांगली गायनॅक' शोधायला लागले. आमच्या हाउसआर्त्सला, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना, फोन केला. रिसेप्शनवरच्या बाईंनी अभिनंदन केलं आणि म्हणाल्या, आमच्याकडे यायची गरज नाही, थेट सुईणींकडे नाव नोंदवा. मला वाटलं माझं डच कमी पडलं. पुन्हा विचारलं, तर तेच उत्तर.

इथे सुईणीला 'फेरलोसकुंडिखे' म्हणतात. (डच लोक 'ग' चा 'ख' करतात. तीन वर्षांत मला एवढं तरी जमलंय.) गरोदरपण सरळ असेल तर पहिल्या दिवसापासून बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांपर्यंत सगळं तीच बघते. काही बिघडलं किंवा बिघडेल असं वाटलं, तरच स्त्रीरोगतज्ज्ञ. चार सुईणी मिळून एक प्रॅक्टिस चालवतात आणि आलटूनपालटून रात्रीची पाळी करतात. बाळंतपणाच्या वेळी चौघींपैकी कोण येईल हे आधी कळत नाही, म्हणून तपासण्यांना मुद्दाम प्रत्येकीकडे एकदा तरी जायचं. ही पहिली टिप.

९ ऑगस्टला, आठव्या आठवड्यात, पहिली भेट झाली. पाऊण तास नुसत्या गप्पा. आधीचं बाळंतपण, घरातले आजार, झोप, नवऱ्याशी कसं आहे, लहानपणी काही वाईट घडलं होतं का, सगळं विचारलं. वजन आणि बीपी घेतलं. नवरा वाट बघत होता की आता डॉक्टर येतील. शेवटी त्याने विचारलंच. सुईण हसली. म्हणाली, "मीच आहे."

त्या रात्री त्याने तिचं नाव 'बिख' रजिस्टरमध्ये शोधलं. हे नीट सांगते, कारण माझी धास्ती इथूनच कमी व्हायला लागली. नेदरलँड्समध्ये डॉक्टर, नर्स, दंतवैद्य, फार्मासिस्ट, सुईण अशा ठरावीक व्यवसायांना सरकारी नोंदवहीत नाव असल्याशिवाय ती पदवी लावता येत नाही. १९९३ च्या कायद्यावर ही नोंदवही उभी आहे. सुईणीला चार वर्षांचं शिक्षण पूर्ण करावं लागतं, आणि नोंदणी एकदाच करून जन्मभर पुरत नाही. दर पाच वर्षांनी तेवढ्या काळात किमान २,०८० तास काम केल्याचं दाखवावं लागतं, नाहीतर पुन्हा शिकून पात्रता सिद्ध करायची. बाळंतपण करणं हे कायद्याने राखीव काम आहे, कोणीही उठून धंदा म्हणून ते करू शकत नाही. आणि ही नोंदवही सगळ्यांना खुली आहे. नाव किंवा अकरा आकडी नंबर टाकला की माणूस नोंदलेला आहे का आणि त्याच्यावर काही निर्बंध घातलेत का, ते दिसतं. नुसत्या आडनावाने शोधलं तर एकाच नावाच्या दहा बायका येतात, तेव्हा प्रॅक्टिसच्या वेबसाइटवरून नंबर घ्या. आमच्या चौघीही सापडल्या. कोणावरही निर्बंध नव्हते.

तोवर घरी बाळंत व्हायचा विचार माझ्या मनातही नव्हता. तो सुईणीने काढला, सप्टेंबरमध्ये, अगदी सहज, चहात साखर किती असं विचारावं तसा. "कुठे व्हायचंय? घरी, बर्थ सेंटरला, की हॉस्पिटलमध्ये? आत्ता ठरवायला नको." मी म्हटलं, हॉस्पिटल. ती म्हणाली, चालेल. पुढे तिने एक माहिती दिली. वैद्यकीय कारण नसताना हॉस्पिटलची खोली घेतली तर मूळ विमा तिचा पूर्ण खर्च देत नाही, काही शे युरो आपल्या खिशातून जातात. घरी झालं तर सुईणीचे पैसे पूर्ण विमा भरतो. नवऱ्याचे कान टवकारले. मला त्याचा राग आला आणि हसूही आलं.

इथे हे काही खूळ समजलं जात नाही. सुईणींनी स्वतंत्रपणे सरळ बाळंतपणं करायची आणि अवघड झालं की डॉक्टरला बोलवायचं, ही वाटणी १८६५ च्या कायद्यापासूनची आहे. १९६० च्या दशकात इथली निम्म्याहून जास्त बाळंतपणं घरी होत. आता ते प्रमाण वीस टक्क्यांच्याही खाली आलंय. माझ्या ऑफिसातल्या डच मुलींपैकी बऱ्याच जणी सरळ हॉस्पिटलमध्ये गेल्या, आणि त्यांनाही कोणी नावं ठेवली नाहीत.

खरी परीक्षा घेतली ती मावशीने. मावशी सातारा जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात एएनएम, म्हणजे बाळंतपणं करणारी नर्स होती, आता निवृत्त आहे. व्हिडिओ कॉलवर तिला सांगितलं तर ती काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, "तीस वर्षं मी वाड्यावस्त्या तुडवल्या, बायकांना घरातून दवाखान्यात आणायला. सासूशी भांडले, नवऱ्याशी भांडले, आशाताईंना रात्री-अपरात्री पळवलं. आणि तू शिकलेली पोर उलट्या दिशेने निघालीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने डोळ्यांनी काय काय बघितलंय ते मला माहीत आहे. फोन ठेवायच्या आधी तिने चार प्रश्न दिले आणि म्हणाली, याची उत्तरं आण, मग बोलू. "बाईचा हात बसलेला आहे का? रक्त थांबवायचं इंजेक्शन तिच्या पिशवीत असतं का? गाडी किती मिनिटांत येते? आणि जिथे नेणार तिथे रक्त आणि भूलवाला रात्री असतो का?"

मी हे चारही प्रश्न पुढच्या तपासणीला जसेच्या तसे विचारले. सुईण म्हणाली, गेल्या कित्येक महिन्यांत इतके मुद्द्याचे प्रश्न कोणी विचारले नव्हते. उत्तरं अशी: तिची स्वतःची अकरा वर्षं झाली होती. ऑक्सिटोसिन, म्हणजे रक्त थांबवायचं इंजेक्शन, सलाइन, ऑक्सिजन, बाळाला श्वास देण्याची पिशवी हे सगळं गाडीत असतं. अॅम्ब्युलन्सने तातडीच्या वेळी १५ मिनिटांत पोचावं असा निकष आहे. आमच्या घरापासून हॉस्पिटल गाडीने १२ मिनिटांवर, आणि तिथे रक्त व भूलतज्ज्ञ चोवीस तास. मावशीला कळवलं. ती म्हणाली, "मग ते घर नाही, सबसेंटर आहे. बघू." हा तिचा होकार असावा असं मी धरून चालले.

तरी घरी होईलच असं कोणी लिहून देत नाही. सुईणींकडे एक यादी असते, कुठल्या परिस्थितीत बाळंतपण त्यांच्याकडे राहील आणि कुठल्या परिस्थितीत डॉक्टरकडे जाईल याची. आधी सिझेरियन झालेलं, जुळं, पायाळू बाळ, चढलेलं बीपी असं काही असेल तर हॉस्पिटल. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत कळा आल्या किंवा ४२ आठवडे उलटले तरी हॉस्पिटल. ही यादी मी डचमधून भाषांतर करून दोनदा वाचली. तुम्हीही वाचा. ऐनवेळी "आता निघायचं" असं कोणी म्हटलं तर निदान कशामुळे ते कळतं.

मधल्या महिन्यांतल्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. एक, रक्ततपासणी. माझा हिमोग्लोबिनचा आकडा आला ६.५. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि तासाभरात सहा फोन. साडेसहा हिमोग्लोबिन म्हणजे रक्त चढवावं लागेल, असं आत्याने ठरवूनच टाकलं. इथे हिमोग्लोबिन वेगळ्या एककात मोजतात. भारतातला आकडा हवा असेल तर १.६ ने गुणायचं. म्हणजे माझं साधारण साडेदहा होतं, कमी, पण घाबरण्यासारखं नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. घरी रिपोर्ट पाठवायच्या आधी गुणाकार करा, एवढंच सांगते.

दुसरी, साखर. दक्षिण आशियाई बायकांना गरोदरपणात मधुमेहाचा धोका जास्त, म्हणून मला २६ व्या आठवड्यात, डिसेंबरात, ग्लुकोजची तपासणी करायला सांगितली. उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी, मग दोन तास एका जागी बसायचं. दिवाळीचा फराळ नुकताच संपवला होता, त्यामुळे मी अपराध्यासारखी बसले होते. रिपोर्ट चांगला आला.

पैशांची एक गोम इथेच सांगते. सुईण आणि हाउसआर्त्स यांच्यासाठी वार्षिक स्वखर्चाची अट, म्हणजे ३८५ युरोपर्यंतचा 'आयगन रिसिको', लागू होत नाही. रक्ताच्या तपासण्या, औषधं आणि अॅम्ब्युलन्स यांना मात्र तो लागतो. आमचं गरोदरपण दोन कॅलेंडर वर्षांत विभागलं गेल्यामुळे दोन्ही वर्षांची बिलं वेगळी आली. २०२३ मध्ये लॅबचे १३० च्या आसपास गेले. एनआयपीटी ही बाळातले गुणसूत्रांचे दोष शोधणारी रक्ताची तपासणी एप्रिल २०२३ पासून मोफत झाली होती, त्याआधी तिला १७५ युरो पडायचे. तेवढी आमची कमाई.

आता 'क्रामझॉर्ख'. बाळंतपणानंतर आठ-दहा दिवस रोज काही तास एक प्रशिक्षित बाई घरी येते. ती बाळंतिणीचे टाके, ताप, रक्तस्राव बघते, बाळाचं वजन करते, पाजायला शिकवते, संडासही धुते. घरी बाळंतपण असेल तर त्या वेळी सुईणीच्या हाताखालीही हीच. सगळे मिळून किमान २४ तास मिळतात, साधारण ४९. २०२४ मध्ये तासाला पाच युरोच्या आसपास आपण भरायचे होते, बाकी विमा. मात्र बायका कमी आणि बाळं जास्त. पहिल्या संस्थेने मला नवव्या आठवड्यातच सांगितलं की मार्च भरला. नवव्या आठवड्यात! अजून घरच्यांनाही सांगितलं नव्हतं. दुसरीकडे जागा मिळाली. तेव्हा चाचणी पॉझिटिव्ह आली की आधी इथे फोन करा, पेढे नंतर.

आईच्या व्हिसाचं गणितही याच वेळी. शेंगेन व्हिसावर ९० दिवस मिळतात, आणि बाळंतपणाची तारीख २० मार्चची. लवकर आली तर बाळंतपणाआधीच दिवस संपत जाणार, उशिरा आली तर बाळंतपण हुकणार. आमंत्रणाचा आणि हमीचा फॉर्म नगरपालिकेत, म्हणजे 'खेमेंटे'त जाऊन सहीनिशी प्रमाणित करून पुण्याला पाठवला. किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा काढला. आई २४ फेब्रुवारीला उतरली. बॅगेत डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेपा, ओवा, आणि जुन्या सुती साड्यांची दुपटी. कस्टमवाल्याने हळीव हातात घेऊन खूप वेळ बघितले आणि परत ठेवले.

सात फेब्रुवारीला, ३४ व्या आठवड्यात, सुईण घर बघायला आली. तिने जिना बघितला. डच घरांचे जिने म्हणजे शिडीच, आणि आमची झोपायची खोली पहिल्या मजल्यावर. स्ट्रेचर वळत नसेल तर अग्निशमन दलाची गाडी बोलावून खिडकीतून उतरवतात, असं तिने शांतपणे सांगितलं. खिडकी पूर्ण उघडते का तेही पाहिलं. नवऱ्याचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता. मग पलंग. गादीचा वरचा भाग जमिनीपासून किमान ८० सेंटिमीटर हवा, म्हणजे सुईणीची आणि मदतनीस बाईची पाठ वाकणार नाही. हा इथल्या कामगारांच्या आरोग्याचा नियम आहे, हॉस्पिटलमधून घरी आलात तरी लागू. पलंगाखाली ठेवायचे ठोकळे भाड्याने मिळतात. आम्हाला २० युरो पडले. घरातली जी यादी करायची होती ती अशी: दोन बादल्या, गादीवर घालायचं प्लास्टिक, चांगला दिवा, थर्मामीटर, सुती फडकी, बाळाच्या पाळण्यासाठी दोन धातूच्या गरम पाण्याच्या बाटल्या, आणि दाराशी हॉस्पिटलची भरलेली बॅग. कापूस, पॅड, नाळेची क्लिप असलेलं खोकं विमा कंपनी पाठवते, पण मागितल्याशिवाय नाही. ३७ वा आठवडा लागायच्या आत सगळं एका जागी ठेवायचं.

आईला या यादीत फक्त गरम पाण्याच्या बाटल्या पटल्या. बाकी सगळं बघून ती म्हणाली, "तुझ्या आजीला यातलं काही नव्हतं." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "आजीची दोन गेलीही."

१७ तारखेला पहाटे सव्वादोनला कळा सुरू झाल्या. पहिल्या तासात मी अंथरुणात पडून मोजत बसले. नवऱ्याला उठवलं नाही, कारण दोन दिवस आधी खोट्या कळांनी त्याला उठवून झालं होतं. ४ वाजून ४० मिनिटांनी, दर चार मिनिटांनी कळ येत होती तेव्हा, सुईणींच्या रात्रीच्या नंबरवर फोन केला. सुईण फोनवर माझा श्वास ऐकत राहिली, एक अख्खी कळ. मग म्हणाली, निघते. ५ वाजून ५ मिनिटांनी ती दारात होती. चौघींपैकी सगळ्यात तरुण, जिच्याकडे मी एकदाच गेले होते. मनात आलं, मावशीला काय सांगू?

तिने तपासलं, गर्भाशयाचं तोंड सहा सेंटिमीटर उघडलं होतं. घरी एपिड्युरल, म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात ते इंजेक्शन, नसतं, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि त्या वेळी आठवणं यात फरक आहे. दोनदा म्हणाले, हॉस्पिटलला चला. दोन्ही वेळा तिने वाद घातला नाही. म्हणाली, जाऊ शकतो, आत्ता फोन करते, पण आधी गरम शॉवरखाली पाच कळा काढून बघ. पाच काढल्या. मग अजून पाच. क्रामझॉर्खची बाई पावणेसहाला आली. तिने खोली गरम केली, बाटल्यांत उकळतं पाणी भरलं आणि नवऱ्याला कॉफी करायला पाठवलं. नंतर कळलं, कॉफी कोणीच मागितली नव्हती, तो मधे मधे करत होता.

पावणेसातला पाणमोट फुटली. सुईणीने पाण्याचा रंग बघितला आणि "स्वच्छ" एवढंच म्हणाली. हिरवट असतं तर त्याच क्षणी अॅम्ब्युलन्स, हे यादीत वाचलं होतं, त्यामुळे त्या एका शब्दाने मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. प्रत्येक कळेनंतर ती बाळाचे ठोके ऐकत होती. ७:१२ ला बाळ आलं. ३,३४० ग्रॅम. मोठ्याने रडली. शेजारच्या खोलीतून आईचा आवाज आला, "काय झालं?" आणि नवऱ्याने भिंतीपलीकडूनच ओरडून सांगितलं, "मुलगी!"

इथे गोष्ट संपत नाही. वार पडायची राहिली होती. इंजेक्शन दिलं, बाळाला अंगावर लावलं, वाट पाहिली. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. तासाभरात वार पडली नाही तर हॉस्पिटल, हा नियम. सुईणीचा आवाज बदलला नाही, पण ती घड्याळाकडे बघायला लागली आणि मदतनीस बाईने काही न बोलता दाराशी ठेवलेली बॅग जिन्यापाशी नेली. मी बाळाला धरून खिडकीकडे बघत होते. कॅथेटर घालून लघवी काढली, मला उकिडवं बसवलं, आणि ५२ व्या मिनिटाला वार आली. तिने ती बादलीत पसरून, उलटसुलट करून, पूर्ण आहे का ते तपासलं. मग भिजलेली फडकी आणि पॅड वजनकाट्यावर ठेवले. अंदाजाने नाही, वजन करून रक्त मोजतात. ४५० मिलिलिटर भरलं. टाका एकच.

संध्याकाळी मावशीला फोन केला. तिने बाळाचं रूप विचारायच्या आधी विचारलं, "वार किती वेळाने पडली?" बावन्न मिनिटं म्हटल्यावर ती म्हणाली, "माझ्या हातून असती तर चाळिसाव्या मिनिटाला गाडी बोलावली असती." थोडं थांबून: "पण आमची गाडी यायला तास लागायचा."

आता तीन दिवसांची गंमत. इथे जन्माची नोंद तीन दिवसांत करावीच लागते, जन्माचा दिवस सोडून. आणि नोंदीत नाव लागतं. तीन दिवसांत! आपल्याकडे महाराष्ट्रात २१ दिवसांत नोंद मोफत होते आणि नाव वर्षभरात घातलं तरी चालतं, कारण आपलं बारसंच मुळात बाराव्या दिवशी. आईने स्पष्ट सांगितलं, बारशाआधी नाव उच्चारायचं नाही. नवरा मंगळवारी १९ तारखेला खेमेंटेत गेला. सोबत आमचे पासपोर्ट, निवास परवाने, लग्नाचा दाखला आणि सुईणीने जन्माची वेळ लिहून दिलेला कागद. अधिकाऱ्याने विचारलं, मधलं नाव काय? आपल्या पद्धतीने वडिलांचं नाव. "मुलीला पुरुषाचं नाव?" तो चकित झाला, मग टाइप केलं. नवऱ्याने स्पेलिंग पडद्यावर तीनदा तपासून घेतलं. तुम्हीही तपासा, कारण एकदा सही झाली की दुरुस्ती फार अवघड. नोंद मोफत, दाखल्याच्या प्रतीचे तेव्हा पंधरा-सतरा युरो. अनेक भाषांतली आंतरराष्ट्रीय प्रत मागा, आणि दोन घ्या, पुढे लागतात. घरी येऊन त्याने दाखला कपाटात उलटा ठेवला. आईने तो २८ तारखेला, पाळण्यात नाव घेतल्यावरच, सुलटा केला.

ते आठ दिवस आई आणि क्रामझॉर्खची बाई यांची जुगलबंदी. आई बाळाला कुंची, झबलं आणि दोन दुपट्यांत गुंडाळायची. ती बाई थर्मामीटर लावून एक एक थर सोडवायची. आईची शेक-शेगडी ऐकून तिचे डोळे विस्फारले, धूर अजिबात नको म्हणाली, आणि ते बरोबरच होतं. मग एके दिवशी तिने डच रिवाजाप्रमाणे 'बेस्खाउट मेट मौशेस' केलं: कुरकुरीत गोल टोस्ट, त्यावर लोणी आणि साखरेचा गुलाबी-पांढरा थर दिलेले बडीशेपेसारखे दाणे. बाळंतिणीला दूध यावं म्हणून हे देत असत, असं ती म्हणाली. आईने एक दाणा चावला, वास घेतला, आणि आतून बाळंतशेपांचा डबा घेऊन आली. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती.

२१ तारखेला टाचेतून रक्त घ्यायला बाई घरी आल्या, त्यातून दुर्मीळ आजारांची तपासणी होते. सुईण आठवड्यात चार वेळा येऊन गेली. बाळाचं नाव आमच्या विम्यात घातलं. त्याला चार महिन्यांची मुदत असते आणि मुलांचा वेगळा हप्ता नसतो.

शेवटचा टप्पा भारताचा. इथे जन्मली म्हणून ती डच होत नाही. आई-वडील दोघेही भारतीय, बाळ परदेशात जन्मलेलं, तर नागरिकत्व कायद्याप्रमाणे एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्माची नोंद करावी लागते, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आपण लिहून द्यायचं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी. आम्ही मे महिन्यात, आई जायच्या आधी, फोटो काढला. पांढरी पार्श्वभूमी, तेव्हाच्या नियमाप्रमाणे दोन इंच बाय दोन इंच, डोळे उघडे. दोन महिन्यांच्या बाळाचे डोळे उघडे आणि मान सरळ! पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून काढला, ३७ व्या प्रयत्नात. जूनमध्ये द हेगला अर्ज दिला, दोघांच्याही सह्या लागल्या. पासपोर्ट जुलैमध्ये आला आणि त्यानंतर तिच्या इथल्या निवास परवान्याचा अर्ज. क्रम असाच ठेवावा लागतो: जन्मदाखला, पासपोर्ट, परवाना. एक अडला की पुढचा अडतो. तिकिटं काढायची असतील तर हा वेळ धरूनच काढा.

एका फॉर्मवर 'जन्माचे ठिकाण, रुग्णालयाचे नाव' असा रकाना होता. नवऱ्याने विचारलं, इथे काय लिहू? मी म्हटलं, आपला पत्ता लिही. त्याने लिहिला, अगदी पिनकोडसकट.

पलंगाखालचे ठोकळे परत करायला आम्ही विसरलो. ऑगस्टमध्ये दुकानाचं स्मरणपत्र आलं, १५ युरो दंडासह. तोवर थोरली स्टुलावर चढून पलंगावर यायला शिकली होती, आणि पलंग खाली आल्यावर दोन दिवस ती रोज सकाळी सवयीने स्टूल घेऊनच येत होती.